मावा दोन्हीकडे सारखाच, मग एक गहू पिवळा आणि दुसरा हिरवा का?

इंदूरकडच्या सांवेरजवळ तुमच्या शेतात गव्हाचे दोन वाण शेजारीशेजारी आहेत. पेरणी एकाच दिवशीची, पाणी-खत सारखं. जानेवारीच्या अखेरीस दोन्हींवर मावा, म्हणजे रस पिणारी ती बारीक कीड, आला. एक वाण पिवळा पडला, त्याची पानं आखडली. दुसरा अंगावर तेवढाच मावा घेऊन हिरवागार उभा आहे. तुमचे तीन प्रश्न आहेत. हिरव्या वाणात असं काय आहे? त्यावर औषध मारायचं का? आणि पुढच्या वर्षी त्याचंच बी ठेवायचं का?

इंदूरच्या आसपास गव्हाची कीड बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून जरा लांबून सांगतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर पुढची दोन तुमची तुम्हालाच सुचतील.

त्याआधी एक खात्री करून घ्या. पिवळ्या पट्ट्यातली चार-पाच झाडं मातीसकट, हलक्या हाताने उपटा आणि मुळं पांढऱ्या कापडावर झटका. माळव्यात पानांवरच्या माव्याशिवाय मुळांवर बसणारा मावाही असतो. आपल्याकडे शेतकरी त्याला ‘जड़ माहू’ म्हणतात. गडद हिरवट, पाठीमागे तांबूस छटा असलेला हा किडा मातीत थोडा खाली, मुळांना धरून बसतो, आणि वरून बघणाऱ्याला नुसते पिवळे ठिपके दिसतात. पिवळेपणा त्याचा असेल तर दोन वाणांची तुलना इथेच थांबली. माव्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूनेही गहू पिवळा पडतो. त्यात पिवळेपणा पानाच्या शेंड्याकडून खाली उतरत येतो आणि झाड खुजं राहतं. ही दोन्ही कारणं नाहीत असं दिसलं, तरच पुढचं तुमच्या कामाचं.

आता मावा खातो कसा ते बघू. अळी पान कुरतडते, मावा कुरतडत नाही. त्याच्या सोंडेत केसाहून बारीक सुया असतात. त्या तो पानाच्या पेशींच्या मधल्या फटींतून वळणं घेत आत सरकवतो. वाटेतल्या बहुतेक पेशींना टोचून, चव घेऊन बाहेर येतो. त्याला जायचं असतं रसवाहिनीपर्यंत, म्हणजे पानात तयार झालेली साखर ज्या नळीतून लोंबीकडे जाते तिथपर्यंत. वाटेत तो एक प्रकारची लाळ सोडतो. ती घट्ट होऊन सुयांभोवती म्यानासारखी बसते. नळीत पोचल्यावर दुसरी, पातळ लाळ सोडतो. झाडाची नळी टोचली गेली की जखमेजागी कॅल्शियम वाढतं आणि त्या इशाऱ्यावर नळी स्वतःला बुजवून घ्यायला बघते. माव्याच्या पातळ लाळेत त्या कॅल्शियमला धरून ठेवणारी प्रथिनं असतात, म्हणून नळी बुजत नाही. पुढे त्याला फारसं ओढावंही लागत नाही, कारण नळीतल्या रसाचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. रस आपोआप वर येतो. त्यात साखर भरपूर आणि अमिनो आम्लं थोडी. म्हणून मावा पोटभर नव्हे, पोटापेक्षा जास्त पितो आणि उरलेली साखर मागून टाकतो. पानावरचा चिकटा तोच. पुढे त्यावरच काळी बुरशी धरते.

सगळी लढत या सुईच्या वाटेवर होते. पानावर नुसतं बघून तिचा निकाल कळत नाही, हे लक्षात असू द्या.

झाडाचा पहिला पहारा तयारच असतो, तो मावा येण्याची वाट बघत नाही. गव्हाच्या पेशींच्या पोटात डिम्बोआ नावाचं कडू, विषारी रसायन साखरेला बांधून ठेवलेलं असतं. पेशी फुटली की वेगळं ठेवलेलं एक विकर (एन्झाइम) त्याला भेटतं, साखर सुटते आणि विष मोकळं होतं. मावा वाटेत पेशी टोचत जातो तेव्हा हे त्याच्या वाट्याला येतं. पण हे रसायन कोवळ्या रोपात सर्वांत जास्त असतं. रोप वाढतं तसं ते उतरत जातं, आणि कोवळ्या पानात जास्त, जुन्या पानात कमी. म्हणून फुटवे फुटताना माव्याला दाद न देणारा वाण पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात, आल्यावर हतबल झालेला दिसू शकतो. ‘रोपावस्थेत प्रतिकारक’ असा शेरा वाचला तर लोंबीवरही तसंच होईल असं धरू नका.

दुसरा पहारा जागा व्हावा लागतो, आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. माव्याच्या लाळेत जे असतं ते ओळखणारी जनुकं काही गव्हांत असतात. ओळख पटली की काही तासांत त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे आपण जखमेवर लावतो तेच. त्याने माव्याला थेट बाधा होते, आजूबाजूच्या पेशींच्या भिंती कडक होतात आणि शेजारच्या पेशींना खबर जाते. पाठोपाठ सॅलिसिलिक आम्ल वाढतं. अळीने पान खाल्लं तर झाड मुख्यतः जास्मोनिक आम्लाच्या मार्गाने जातं. मावा मात्र रोगजंतूसारखा वागतो, म्हणून झाडही त्याच्याशी बरंचसं रोगासारखं लढतं. पुढच्या एक-दोन दिवसांत पेरॉक्सिडेज, कायटिनेज, ग्लुकेनेज ही विकरं पेशींमधल्या पोकळीत वाढतात. सुई त्याच पोकळीतून गेलेली असते.

याचं रूप डोळ्यांनी बघता येतं. दहापट दाखवणारं भिंग घ्या, सकाळी नऊच्या सुमाराला दोन्ही वाणांची वरून दुसरी पानं तोडा आणि उन्हाकडे धरा. हिरव्या वाणाच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसतील. मधला बिंदू तपकिरी, त्याभोवती थोडी पिवळट कड, आणि लगेच पुन्हा हिरवं पान. तेवढ्या चार पेशी झाडाने स्वतःहून सोडून दिल्या आहेत. पिवळ्या वाणाच्या पानावर ठिपके नसतील, पट्टे असतील. पिवळटपणा शिरांच्या दिशेने लांबत गेलेला, त्याला काठ नाही. पान कडेने आत वळलेलं असेल. ते वळलेलं पान उलगडून बघा. आत मावा, पांढऱ्या काती आणि चिकटा गच्च भरलेला असतो. पान वळलं की माव्याला घर मिळतं. तिथे ऊन लागत नाही, मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) पोचत नाही, औषधही पोचत नाही. पान सपाट राहणं हाच प्रतिकाराचा मोठा भाग आहे, हे मी शिकाऊ मुलांना पुन्हा पुन्हा दाखवत असे.

आत काय होतं ते रशियन गहू मावा या जातीवरच्या कामातून सर्वांत चांगलं कळलं. ही कीड १९७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्ससमध्ये दिसली आणि तिथल्या गव्हाचं अतोनात नुकसान झालं. बळी पडणाऱ्या गव्हात जखमेवर टाकायचं कॅलोज नावाचं द्रव्य रसवाहिन्यांत इतकं साचतं की पानातली साखर पानातच अडकते. म्हणजे मावा पितो ते वेगळंच, पण पान स्वतःच्याच बुचाने गुदमरतं. बाकी सगळं तेच पण प्रतिकार असलेल्या जोडवाणात हे बूच कमी आणि वाहतूक बऱ्यापैकी चालू राहिलेली आढळली. मला हे वाचून फार काही उमगलं होतं. मावा किती रस प्यायला यावर नुकसान ठरत नाही. त्या टोचण्याला झाडाने किती आणि कुठवर उत्तर दिलं यावर ते ठरतं.

हे सुईचं काम मोजायचं कसं, याचं उत्तर १९६४ मध्ये मॅक्लीन आणि किन्सी या दोघांनी दिलं. माव्याच्या पाठीवर वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या लेपाच्या थेंबाने सोन्याची बारीक तार चिकटवतात, दुसरी तार कुंडीतल्या मातीत. मावा सुई खुपसतो तेव्हा विजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि कागदावर रेघ हलायला लागते. पेशी टोचली की एक आकार, नळीत लाळ सोडताना दुसरा, रस पिताना तिसरा. हे यंत्र चालताना मी पाहिलं आहे. साध्या वाणावर रेघ थोडा वेळ खालीवर होते आणि मग तासन्‌तास एकसारखी जाते, कारण मावा बसून पितोय. प्रतिकारक वाणावर तोच मावा नळीत जातो, लाळ सोडत राहतो, थोडं पितो, सुई काढतो, पुन्हा खुपसतो. रात्रभर त्याची तीच खटपट. बाहेरून पाहिलं तर दोन्ही मावे पानावर सारखेच बसलेले होते.

प्रतिकाराचे तीन प्रकार १९५१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससचे कीटकशास्त्रज्ञ पेंटर यांनी वेगळे केले आणि ते आजही कामाला येतात. पहिला न आवडण्याचा: पानावर मेण किंवा लव अशी की मावा टेकतच नाही, टेकला तर निघून जातो. दुसरा बाधण्याचा: मावा बसतो, पण त्याची वाढ खुंटते, पिल्लं कमी होतात. तिसरा सोसण्याचा: मावा येतो, वाढतो, पण झाड हरितद्रव्य टिकवतं, नवी पानं काढतं आणि लोंबी भरतं. तुमच्या हिरव्या वाणावर मावा ‘तेवढाच’ आहे असं तुम्ही लिहिता. ती मोजणी बरोबर असेल तर तुमचा वाण तिसऱ्या प्रकारातला असणार.

या तिसऱ्या प्रकाराने मला एकदा चांगलाच धडा दिला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही ट्रेमध्ये रोपं लावून, वर मच्छरदाणीचं कापड ताणून, प्रत्येक रोपावर मोजून मावे सोडत असू. दोन आठवड्यांनी मावे मोजायचे आणि ज्यावर जास्त तो ओळीतून बाद. मी असाच एक वाण बाद केला, कारण त्यावर मावा सर्वांत जास्त होता. माझ्या वरिष्ठांनी ट्रे फेकू दिला नाही. रोपं मुळासकट काढायला लावली, धुऊन, वाळवून वजन करायला लावलं. माव्याशिवाय वाढवलेल्या रोपांच्या तुलनेत सर्वांत कमी घट त्याच वाणाची निघाली. मावा जास्त होता, कारण झाड शेवटपर्यंत ताजं होतं. बाकीच्या रोपांवर मावा कमी होता, कारण ती रोपं मरायला टेकली होती आणि मावा उठून गेला होता. त्या दिवसापासून मी किडा मोजतो, पण वजन झाडाचं करतो.

सोसण्याच्या प्रकाराला मी इतकं महत्त्व का देतो, त्याला अजून एक कारण आहे. १९९४ मध्ये कोलोरॅडोत ‘हॉल्ट’ नावाचा गहू आला. त्यात रशियन माव्याला रोखणारं डीएन-४ हे जनुक होतं. शेतकऱ्यांना तो मोठा आधार वाटला. २००३ मध्ये त्याच कोलोरॅडोत माव्याचा नवा प्रकार सापडला आणि त्याच्यापुढे डीएन-४ चाललं नाही. शोध घेतल्यावर राईतून गव्हात आलेलं डीएन-७ त्याला पुरून उरलं, मग पुन्हा नवी पैदास सुरू झाली. मावा नराशिवाय, थेट पिल्लं घालतो. मादीच्या पोटातल्या पिलाच्या पोटात पुढची पिढी आकार घेत असते. एक वाचला की त्याचाच ठसा हजारोंनी पसरतो. जो वाण माव्याला उपाशी मारतो, तो वाचलेल्यांची निवडही करतो. जो नुसता सोसतो, तो अशी निवड फारशी करत नाही, म्हणून त्याचा गुण सहसा जास्त टिकतो. पण सोसणाऱ्या वाणावरचा मावा शेजारच्या शेतात उडून जातो, विषाणूही नेतो. ही त्याची खोट आहेच.

प्रतिकार बाहेरून घालता येईल का, तर तेही करून पाहिलं गेलं आहे. धोका दिसला की मावा एक गंध सोडतो आणि आजूबाजूचे मावे पळतात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन संस्थेत हाच गंध स्वतः तयार करणारा गहू बनवला. २०१२ आणि २०१३ मध्ये शेतात चाचणी झाली. प्रयोगशाळेत तो छान चालला होता, शेतात मावा कमी झाला नाही. गंध सतत दरवळत असेल तर माव्याला त्याची सवय होते, हे एक संभाव्य कारण त्यांनीच मांडलं. फसलेला प्रयोगही त्यांनी लपवला नाही, याचं मला कौतुक वाटतं. खरी झाडं ओरडतात ती टोचलं गेल्यावरच. मावा जास्त झाल्यावर गव्हातून निघणारे काही वास नव्या माव्यांना दूर ठेवतात आणि माव्यात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना बोलावतात.

आता आपल्या मातीकडे येतो. इंदूरला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र १९५१ पासून आहे आणि माळव्याच्या घरोघरी गेलेले कितीतरी शरबती आणि कठिया (डुरम) वाण तिथून निघाले. पण तिथे काय किंवा देशात इतरत्र काय, वाण निवडताना पहिली चाळण तांबेरा या बुरशीच्या रोगाची असते, मग उत्पादन, मग दाण्याची प्रत. माव्याचा प्रतिकार हा सहसा ठरवून घातलेला गुण नसतो; वाणावाणांत कमी-जास्त असतो, एवढंच. म्हणून पिशवीवर ‘रोगप्रतिकारक’ लिहिलेलं वाचून मावा येणार नाही असं समजू नका. तांबेऱ्याचं जनुक तांबेऱ्यापुरतं. माव्याच्याही एका जातीला दाद न देणारा गहू दुसऱ्या जातीला सहज बळी पडतो.

आणि चांगल्या वाणाचा गुण आपणच मारू शकतो, युरियाने. नत्र जास्त झालं की रसवाहिनीत अमिनो आम्लं वाढतात, म्हणजे माव्याला जे कमी पडत होतं तेच आपण वाढून देतो. पान लुसलुशीत होतं, सुई सहज जाते. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून इंदूरलाच होते, कंपोस्टची इंदूर पद्धत त्यांनी इथेच बसवली. कीड-रोग हे मूळ दुखणं नव्हे, झाडाचं पोषण बिघडल्याची ती खूण आहे, असं ते सांगत. सगळ्याच बाबतींत मला ते पटत नाही, कारण जनुक नसेल तर नुसत्या कंपोस्टने रशियन मावा हटत नाही. पण माव्याच्या आणि युरियाच्या नात्यात त्यांचं म्हणणं मी शेतात अनेकदा खरं झालेलं पाहिलं आहे. बांधाच्या कडेला जिथे युरियाची पाटी ठेवलेली असते, खत सांडलेलं असतं, तिथे मावा आधी धरतो. तुमच्या शेतात बघा. उशिरा पेरलेल्या गव्हावरही मावा जास्त, कारण पीक कोवळं असतानाच फेब्रुवारीतली माव्याची भरती त्याला गाठते.

तर औषध मारायचं का? हिरव्या पट्ट्यात आज नको. शेतात आडवे-तिरपे चालत वीस फुटवे बघा. वरचं पान, म्हणजे लोंबीला लागून असलेलं, सपाट आणि हिरवं आहे का? दाणा भरायचं बरंचसं काम तेच करतं. लोंबीवर मावा किती? सरासरी पाचाच्या वर जायला लागला तर विचार करायचा. आणि त्याच वीस फुटव्यांवर मित्रकिडे मोजा. तपकिरी, फुगलेले, पानाला चिकटलेले मेलेले मावे दिसले तर ती गांधीलमाशीची करामत. सुसरीच्या पिलासारखी काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली तर ती ढालकिड्याची आहे. तिला कीड समजून औषध मारणारे शेतकरी मला दर वर्षी भेटतात, आणि दर वर्षी वाईट वाटतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच वीस फुटवे मोजा. मावा थांबला आणि मित्रकिडे वाढले तर पंप गोदामातच राहू द्या.

पिवळ्या पट्ट्यात लोंबीवर मावा चढला असेल आणि मित्रकिडे नसतील, तर फवारणी करावीच लागेल. तिथे तत्त्व धरून बसू नका, पिकावर घर चालतं. औषध आणि मात्रा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून लेबल बघून घ्या. पण त्या पट्ट्यातल्याही चार ओळी तशाच सोडा आणि दोन्ही टोकांना काठ्या रोवा. हिरव्या पट्ट्यात उलट करा, चार ओळींवर औषध मारा आणि बाकी सोडून द्या.

बी ठेवण्याचा निर्णय त्या ओळींवर ठरेल. मार्चमध्ये कापणीला या चारही जागांची मळणी वेगवेगळी करा, मशीनमध्ये एकत्र जाऊ देऊ नका. प्रत्येकीतले हजार दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि एकूण दाणाही तोला. हिरव्या वाणात फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींत फरक नगण्य निघाला, तर तो वाण सोसतो आणि त्याचं बी ठेवायला हरकत नाही. फरक मोठा निघाला, तर पान हिरवं होतं पण लोंबी रिकामी राहत होती, असा त्याचा अर्थ. एका वर्षावर भरवसा ठेवू नका, पुढच्या रब्बीत पुन्हा याच पद्धतीने बघा. आणि दोन्ही वाणांच्या पिशव्यांवरची चिठ्ठी आजच सांभाळून ठेवा, कापणीपर्यंत ती हमखास हरवते.